दोन घाट

नवस बोलतो माणूस आणि फेडतो बैल. असा नवस देवाला पोचतो का? शिरूर तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना दर चैत्रात हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहायचा. नोकरीत असताना त्यावर बोलायला सवड नव्हती आणि मुभाही नव्हती. आता निवृत्त झाले आहे, म्हणून मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही त्यांना आधी घाट सांगायला हवा. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या भागात बैलगाडा जिथे पळतो त्या जागेला घाट म्हणतात. गावाबाहेरचा चढणीचा मातीचा पट्टा, दोन्ही अंगांना बांध किंवा लोखंडी बॅरिकेड, वरच्या टोकाला बैल आवरायला मोकळी जागा. एरवी तिथे शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. यात्रा जवळ आली की ट्रॅक्टर फिरतो, दगडगोटे वेचले जातात, पाणी मारलं जातं, चुन्याची रेघ ओढली जाते, मंडप पडतो, आणि एक-दोन दिवस सगळ्या पंचक्रोशीचं लक्ष त्या पट्ट्यावर लागलेलं असतं. यात्रा उठली की पट्टा पुन्हा शेळ्यांचा.

सातारा-सांगलीकडे सपाट रानात दोन बैलांचे छकडे एकमेकांशी पळतात. आमच्या घाटात चार बैलांचा गाडा एकटाच पळतो, त्याची स्पर्धा घड्याळाशी. पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार, मागे बैलांच्या दोन जोड्या, त्यांच्यामागे हलका लाकडी गाडा. निशाण पडतं, भोंग्यातून निवेदकाची ‘भिर्रर्र’ सुटते, भंडारा उडतो आणि अकरा-बारा-तेरा सेकंदांत बारी संपते. ज्याचा वेळ सगळ्यांत कमी तो ‘घाटाचा राजा’. पट्टा चढाचा असल्यामुळे वर पोचेपर्यंत बैलांचा वेग आपसूक मोडतो, त्यांना ओढून थांबवावं लागत नाही. ही रचना ज्या कुणा जुन्या माणसाने केली त्याला बैलाचं शरीर नीट कळत होतं.

आणि हे सगळं देवाच्या नावाने चालतं. यात्रा भैरवनाथाची, खंडोबाची, मळगंगेची, येमाईची. सकाळी देवाला अभिषेक, मग पालखी, मग घाट. पोरगं बरं होऊ दे, बोअरला पाणी लागू दे, कोर्टाचा निकाल लागू दे, तुझ्या यात्रेत गाडा पळवीन, असं बोललेलं असतं. त्या गाड्यांना नवसाचे गाडे म्हणतात.

रोजच्या वापराच्या जागेची दोन दिवसांपुरती शर्यतपट्टी करायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या नॅस्कार या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेने शिकागो शहरात ग्रँट पार्कभोवतीचे नेहमीचे रस्ते काँक्रीटच्या भिंती लावून अडवले आणि २.२ मैलांच्या, बारा वळणांच्या फेरीवर स्टॉक कार पळवल्या. २ जुलैची मुख्य शर्यत पावसाने उशिरा सुरू झाली आणि न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन ती जिंकला. शर्यत झाली, भिंती निघाल्या, रस्त्यावर पुन्हा बस धावू लागल्या. तीन वर्षं हा प्रकार चालला. इटलीतल्या सिएना गावात तर दर वर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला भर चौकात माती अंथरून घोडे पळवतात. ती शर्यत मदर मेरीच्या सणाची. धावण्याआधी घोड्याला मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेतात आणि पाद्री त्याला आशीर्वाद देतो. स्वार वाटेत पडला तरी एकटा घोडा पहिला आला की तोच जिंकतो. सिएनाची माणसं आपल्या शिरूरच्या माणसांना लगेच ओळखतील, असं मला नेहमी वाटतं.

पण या दोन शर्यतींत जो फरक आहे तोच माझा प्रश्न आहे. शिकागोच्या गाडीत बसलेला माणूस स्वतःचा जीव स्वतः पणाला लावतो. गाडी लोखंडाची, तिला काही कळत नाही. सिएनाच्या घोड्याला आणि शिरूरच्या बैलाला कळतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मी वाढले दौंडला, रेल्वे कॉलनीत. तिथे नवस सगळ्यांचेच. माझे वडील एकदा फार आजारी पडले तेव्हा आईने सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला नवस बोलला. वडील उठून बसल्यावर ती भीमा ओलांडून गेली आणि अनवाणी पायांनी देवळाच्या टेकडीला प्रदक्षिणा घातली. ती प्रदक्षिणा चांगली पाच किलोमीटरची आहे, आणि तेव्हा वाटेत काटेच काटे होते. परत आल्यावर तिच्या तळपायातले काटे मी सुईने काढले. शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. त्यांच्या मावशीचा हात मोडला होता. तो जुळल्यावर ती वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात वाहून आली. कुणी कुरकुंभच्या फिरंगाईला लोटांगण घालायचं, कुणी वर्षभर गोड सोडायचं. देव नवसाला पावतो की नाही, यावर माझं मत मी इथे मांडत नाही. मला एवढंच दिसत होतं की या सगळ्यांनी जे दिलं ते आपलं दिलं. पाय आपले, भूक आपली, पैसा आपला. मेणाचा हातसुद्धा स्वतःच्याच हाताच्या बदल्यात वाहिलेला.

शर्यतीला परवानगी परत मिळाल्यानंतरची गोष्ट. एका यात्रेत मी बैल तपासत होते. नियमाप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाने तपासून बैल पळायला लायक असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. एका म्हाताऱ्या गाडामालकाचा खिल्लार बैल समोर आला. अंगाला हात लावला तेव्हाच ताप कळला. थर्मामीटरने १०४ दाखवले. बैलाचं नेहमीचं तापमान साडेएकशेएकच्या आसपास असतं. कानाची टोकं मात्र गार, नाकपुडीला कोरड, रवंथ बंद. मी म्हटलं, “अण्णा, हा आज पळणार नाही.”

“डॉक्टरबाई, नवसाचा हाय त्यो. पळावंच लागंल.”

“आजारी आहे. उन्हात पळाला तर पडेल.”

“देव बघंल की. नातवासाठी बोललोय म्या. नातू वाचला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसाने त्या बैलाला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, हे अंगाच्या चकाकीवरूनच कळत होतं. तो कसाई नव्हता. तो घाबरलेला होता. बोललेलं फेडलं नाही तर नातवाचं काही वाईट होईल, ही भीती त्याला खात होती.

मी सही केली नाही. थोडी कुजबुज झाली, दोन पुढारी बोलून गेले, आणि मग तोडगा निघाला. शेजारच्या गावच्या एकाचा बैल मागून आणला, तो अण्णांच्या गाड्याला जुंपला, बारी झाली, आणि भोंग्यावर जाहीर झालं की अण्णांचा नवस फिटला.

मी त्या रात्री झोपले नाही. नातू अण्णांचा, नवस अण्णांचा, आणि फेडला कुणी? ज्याचा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता अशा एका बैलाने. म्हणजे देवाला नक्की काय पोचलं? बैल कोणताही चालत असेल तर अण्णांचं त्यात काय होतं? वर्षभराचा खुराक, रात्री-अपरात्री उठून गोठ्यात मारलेली फेरी, भादवी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याला लावलेलं तूप-हळद, ही सगळी सेवा त्या आजारी बैलाच्या अंगावर होती आणि तो दावणीला उभा होता. ती सेवा कुणी मोजलीच नाही. मोजले ते सेकंद.

शर्यतवाल्यांची बाजू मला पुरती ठाऊक आहे आणि तिच्यात दम आहे. खिल्लारसारखी जात आज टिकली आहे ती बरीचशी शर्यतीच्या जोरावर. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली तेव्हा बैलाचं शेतातलं काम संपलं. २०१५ मध्ये राज्यात गोवंशहत्याबंदी आली, त्याआधीच २०१४ मध्ये शर्यती बंद झाल्या होत्या. त्या काळात चाकणच्या आणि बेल्ह्याच्या बाजारात शेतकऱ्याने बैल धरून दिवसभर उभं राहावं आणि तसंच परत यावं, हे मी पाहिलेलं आहे. लोक विचारतात, पुण्याच्या रेसकोर्सवर श्रीमंतांचे घोडे पळतात ते चालतात, मग आमचेच बैल का डोळ्यांत खुपतात? या प्रश्नात जो राग आहे तो खरा आहे. ऊसतोडीच्या हंगामात गाडीवर डोंगराएवढा ऊस लादून बैल डांबरी रस्त्यावरून कोस न् कोस ओढतात. त्यांच्या खांदेसुजीवर मी आयुष्यभर मलम लावलं. तिथे कुणी याचिका घेऊन आलेलं मी पाहिलं नाही. अकरा सेकंदांच्या धावेपेक्षा तो छळ कितीतरी मोठा आहे, हे डॉक्टर म्हणून मी शपथेवर सांगेन.

आणि तरीही. बैलाला धावायला आवडतं, तो घाट बघूनच उसळतो, असं जे सांगितलं जातं त्यावर मला थांबावं लागतं. शेपूट वर, डोळे ताठ, नाकपुड्या फुललेल्या, नाडी दुप्पट, शेण पातळ. ही लक्षणं उत्साहाची म्हणून दाखवतात. भीतीचीही लक्षणं हीच आहेत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय बैल म्हणजे घोडा नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कोठीएवढं मोठं पोट असतं, ते पळताना छातीच्या पडद्यावर दाबतं. खूर दुभंगलेला असतो. बैलाचं शरीर दिवसभर सावकाश ओढण्यासाठी बनलेलं आहे. काही बैल खरोखर धावरे असतात, हे मी मान्य करते. पण ज्याला पराणी टोचावी लागते, ज्याची शेपूट पिरगळावी किंवा चावावी लागते, ज्याला बॅटरीचा शॉक द्यावा लागतो, त्याने आपलं उत्तर दिलेलं आहे.

कायद्याने या प्रश्नाभोवती बरीच वर्षं फेऱ्या मारल्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची राज्यसभेतली धडपड होती. जुलै २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैल घातला. म्हणजे त्याचे खेळ करता येणार नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. त्या निकालात न्यायमूर्तींनी ईशावास्य उपनिषदाचा दाखला दिला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मग २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयाने तिला अडवलं, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली. १ जानेवारी २०२२ ला आंबेगावात लांडेवाडीला घाट सजला होता, पण कोरोनामुळे ऐन वेळी परवानगी रद्द झाली. अखेर १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती कायम ठेवली. ही आपली संस्कृती, परंपरा आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवलेलं आहे, आम्ही त्यात पडत नाही, असा त्याचा सूर. आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले गेले.

या सगळ्या कागदपत्रांत माझ्या प्रश्नाला हात कुणीच लावलेला नाही. शर्यत वाचली ती परंपरा म्हणून, देशी जातींच्या जतनासाठी, नियमांच्या चौकटीतला खेळ म्हणून. नवस म्हणून नाही. उलट १९६० च्या कायद्यात एक कलम आहे, २८ वं. एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारला तर या कायद्याखाली तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे देवासाठी मारण्याला सूट आहे; देवासाठी छळण्याला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं. पुढे वाटलं की कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळली असावी: वेदना ही देवाला देण्याजोगी वस्तूच नाही, निदान दुसऱ्याची वेदना तरी नाही.

देवळात जा आणि बघा. महादेवासमोर नंदी बसलेला असतो. आपण त्याच्या दोन शिंगांमधून देव पाहतो. म्हणजे देवाच्या दारात पहिला भक्त तो, आपण त्याच्यामागे. जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची. आपल्या परंपरेने मुक्या जनावराला भक्ताची जागा दिली, समाधी दिली. मग एका भक्ताने दुसऱ्या भक्ताच्या अंगावर आपला नवस फेडायचा, याला धर्मात आधार कुठून आणणार? उपास माझा आणि उपाशी राहायचं शेजाऱ्याने, हे कुणी मान्य करील का? बैल आपल्या मालकीचा आहे हे उत्तर पुरत नाही. मालकी सातबाऱ्याला, बाजाराला कळते. देवाच्या दारात ती चालते असं मला कुणा संताने सांगितल्याचं आठवत नाही. देहूच्या तुकोबांनी तर नवससायासांवरच कोरडे ओढले होते.

त्याच तुकोबांची पालखी दर वर्षी माझ्या दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम, मग पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडी. हा घाट म्हणजे रस्त्याची खरी चढण. रथाला जुंपण्याचा मान आपल्या बैलांना मिळावा म्हणून घरंच्या घरं वर्षानुवर्षं वाट बघतात. रोटीचा चढ आला की आसपासच्या गावांतले शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन येतात आणि रथाच्या पुढे जुंपतात. चढ अवघड, म्हणून बैल वाढवायचे. एकाच जोडीवर भार पडू द्यायचा नाही. शेतकरी कासरा धरून बैलाच्या बरोबरीने चालतात, बैलाच्या वेगाने टाळकरी चालतात, मधे थांबायचं झालं तर रथ थांबतो आणि सगळी दिंडी थांबते. मी लहानपणी हे वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं, मोठेपणी पशुवैद्यक म्हणून पाहिलं. तिथेही बैल राबतो, घामाने भिजतो, त्यालाही कुणी विचारलेलं नसतं. पण माणूस त्याच्याइतकंच चालून आलेला असतो, देहूपासून पायी. ओझं वाटून घेतलेलं असतं. बैलाच्या श्रमाला सेवा म्हणण्याचा अधिकार माणसाला मिळत असेल तर तो तिथे मिळतो.

शिरूरच्या घाटाने रोटीच्या घाटाकडून हे घ्यावं, असं मला वाटतं. माझं म्हणणं शर्यत बंद करा असं नाही. बंदीच्या वर्षांत काय झालं ते मी पाहिलं आहे: चोरून शर्यती झाल्या, रात्री झाल्या, डॉक्टरशिवाय झाल्या, आणि बैलांचे हाल वाढले. खेळ म्हणून शर्यत राहू दे. खेळाला नियम असतात, पंच असतो, आजारी खेळाडू बाहेर बसतो आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. ‘नवस’ हा शब्द आला की हे सगळं बंद पडतं. पंच गप्प होतो, डॉक्टर गप्प होते, म्हाताऱ्या अण्णांना भीती वाटते, आणि तापलेला बैल जुवाखाली जातो. देवाचं नाव तिथे फक्त बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं. देवाच्या नावाचा याहून वाईट उपयोग मला माहीत नाही.

म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नवस घाटातून काढून देवळात न्या. ज्याने गाड्याचा नवस बोलला असेल त्याने पहाटे ऊन चढण्याआधी अनवाणी, आपल्या बैलाचा कासरा हातात धरून, गावच्या वेशीपासून देवळापर्यंत चालावं. बैल आजारी असला तर माणसाने एकट्याने चालावं. गुरवाने बैलाच्या कपाळाला भंडारा लावावा आणि नवस फिटल्याचं तिथेच, देवासमोर सांगावं. मग उरलेला दिवस शर्यत होऊ द्या, भोंग्यावर नवसाचा शब्द न काढता, आणि डॉक्टरने नाही म्हटलं की तो बैल दावणीलाच राहील असा ठराव आधी ग्रामसभेत करून. वर्षानुवर्षांची भीती एका ठरावाने जाणार नाही, हे मला कळतं. पण गावचा पुजारी आणि गावातलं सगळ्यांत जुनं गाडामालक घराणं यांनी पहिल्यांदा असं चालून दाखवलं तर बाकीचे येतील. येत्या चैत्रात एका तरी गावाने हे करून पाहावं. बैल तपासायला मी स्वतः येईन, फी घेणार नाही.